दोन्हींचा खण

“हॉर्न काय मारतेस, बाय? आत ये. दोन मिनिटं ऐक फक्त.”

लविनाने गाडीची काच अर्धीच खाली केली. आखातातल्या वादी कबीरच्या त्या गल्लीत गॅरेजवाल्यांच्या गाड्या आडव्यातिडव्या लागलेल्या. बौशरच्या ऑफिसातून डॅडींना न्यायला इथवर येईतो तिचं डोकं उठलं होतं. डॅडी आपल्या दुरुस्तीच्या दुकानाच्या दारात उभे होते, डावा हात पँटच्या खिशात. चालू मशीनमध्ये एकच हात घालायचा, दुसरा खिशात. म्हणजे शॉक बसला तरी छातीतून जात नाही. तीस वर्षांच्या या सवयीने ते चर्चमध्ये मिसेलाही तसेच उभे राहत आणि मम्मी त्यांना कोपराने ढोसे.

“पार्किंग नाहीये, डॅडी. उद्या ऐकते.”

“उद्या शुक्रवार, दुकान बंद. परवा सकाळी मशीन जाणार. वादी अदाईच्या त्या म्हाताऱ्याचा जुना, काचेच्या व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प्लिफायर गं. आवाज बघ कसा खुललाय!”

“यल्ला, डॅडी! चला लवकर!”

शेजारी मोटरी गुंडाळणारा रत्नागिरीचा शरीफ हसला. “कॉनराडभाय, पोरगी अर्बाब झाली तुमची, मालकीण! ओढा शटर.”

डॅडींनी शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या शुक्रवारच्या मिसेला निघताना बूट घालायला ते खाली वाकले, ते पुन्हा उठले नाहीत.

तीन आठवड्यांनी लविना दुकान आवरायला आली. शरीफ खोके बांधू लागला. कपॅसिटरच्या खणांवर डॅडींनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्या होत्या: ‘नुसता कागद’, ‘नुसती फिल्म’, ‘दोन्ही’.

तिसरा खण त्यांचा लाडका. त्यात रशियन के-७५ असत. जेवताना ते किती वेळा सांगत. कागदाचा आवाज गोड, पण कागद फार सोसत नाही. प्लास्टिकची फिल्म सोसते, पण आवाज कोरडा. रशियनांनी दोन्ही एकत्र गुंडाळून पत्र्याच्या नळीत सील केली. मोठ्या नळ्या हजारो व्होल्टच्या यंत्रांत जातात, लहान अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. दोन व्हॉल्व्हच्या मधे बसून ती नळी विजेचा दाब अडवते, गाणं तेवढं पुढे सोडते. “जसिंता कागद, मी फिल्म,” असं म्हणून ते मम्मीकडे बघत. लविना मोबाइलमध्ये बघत असे.

‘दोन्ही’चा खण रिकामा होता. ‘नुसती फिल्म’मध्ये तिने मागवलेलं कुरियरचं पाकीट होतं. चारही नळ्या तशाच. के-७३.

तिला सगळं आठवलं. डॅडींना सुटे भाग विकणाऱ्या साइटवरचं काही कळत नसे, म्हणून ऑर्डर तीच द्यायची. ईस्टरच्या आधी ती मागवायला बसली त्या दिवशी के-७५ शिल्लक नव्हते. खालीच के-७३ होते, तशाच पत्र्याच्या नळ्या. मीटिंग सुरू होत होती. दोन आकड्यांनी काय बिघडतं, म्हणून तिने ते मागवले. डॅडींनी पाकीट उघडल्यावर मात्र ती चटकन म्हणाली होती, “त्यांनीच चुकीचे पाठवले.”

“असेल, असेल,” डॅडी म्हणाले होते.

पाकिटात ऑर्डरचा कागद होता, नीट घडी केलेला. त्यावर स्पष्ट छापलेलं: मागणी, के-७३, चार नग. खाली तिचं नाव.

“हे मग लावलेच नाहीत?” तिने विचारलं.

“नाय. घरच्या मशीनमधले काढून म्हाताऱ्याला लावले. त्याला जबान दिलेली ना.” शरीफने सुतळी तोडली. “मी बोललो, कंपनीवाल्यांशी भांडा. तर हसले. बोलले, जाऊ दे रे, कंपनीवाली दमून येते.”

शरीफला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं. आता लविनाच्या हातातल्या कागदावर तिचं नाव दिसलं, तशी त्याने सुतळी खाली ठेवली.

घरचा अ‍ॅम्प्लिफायर ईस्टरपासून मुका होता. “व्हॉल्व्ह गेलाय, बघू,” डॅडी म्हणत. घर शांत झालं म्हणून तिला बरंच वाटलं होतं.

शरीफ बाहेर गेला आणि रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून त्याने शटर अर्धं खाली ओढलं. टेबलापुढचं स्टूल तसंच होतं, उजवीकडे जरा झिजलेलं.

“डॅडी,” लविना मोठ्याने म्हणाली, “त्यांनी नाही चुकीचे पाठवले. मीच मागवले होते.”