वाऱ्याचा डोळा

शिडाचं जहाज. भिंतीतलं भोक. गुलाबी चिठ्ठी. बाइंडरची सुरी.

मित्रांनो, या चारही गोष्टींशी माझा संबंध आहे. मी शब्दकोशाच्या कचेरीतला एक जुना, जाड कागद. माझ्या अंगावर ‘विंडो’ या इंग्रजी शब्दाची वंशावळ आहे, आणि डाव्या कडेवर तिचा पुरावा ज्या पानावर आहे त्याचा आकडा. फार पूर्वी इंग्रज लोक खिडकीला ‘डोळ्याचं भोक’ अशा अर्थाचा शब्द वापरत. मग उत्तरेचे दर्यावर्दी आले. त्यांच्याबरोबर ‘वाऱ्याचा डोळा’ आला आणि त्याचाच ‘विंडो’ झाला. आधीचा शब्द कुणाच्याच तोंडी उरला नाही. ही शेवटची ओळ मला कायम टोचायची.

कचेरीत एक नियम होता. खणातून कागद काढला, की त्या जागी आपल्या नावाची गुलाबी चिठ्ठी ठेवायची. मला लिहिणाऱ्या बाईंनी एकदा मला पडताळायला काढलं आणि दर्यावर्दींच्या भाषेवरच्या ग्रंथात त्याच पानाशी खूण म्हणून घातलं. चिठ्ठी ठेवायची राहिली. नऊ वर्षं मी तिथंच होतो.

नवी आवृत्ती छपाईला निघाली, तेव्हा माझी जागा रिकामी सापडली. मी समोरच्याच कपाटातून ऐकत होतो.

“बाई, ‘विंडो’चा पुरावा कुठाय?” कचेरीचे साहेब म्हणाले.

“अहो, मीच लिहिलाय तो कागद. तोंडपाठ आहे मला!”

“तोंडपाठ मला पाढेही आहेत. शुक्रवारपर्यंत ग्रंथ आणि पान दाखवा, नाहीतर ‘मूळ अज्ञात’ छापतो.”

बाई स्टुलावर चढून खणामागून खण उपसत राहिल्या. मला ओरडता येईना! त्यात गुरुवारी तो ग्रंथच शिवण उसवली म्हणून बाइंडरकडे गेला.

बाइंडरनं पानं झटकली. मी खाली पडलो.

“वा, ग्रंथाच्या पाठीला चिकटवायला झकास!” म्हणत त्यानं सुरी चालवली. माझी डावी कड गेली, तिच्यावरचा पानाचा आकडाही गेला.

“थांबा हो!” त्याची बायको ओरडली. “हे कोंबडीच्या पायांचं अक्षर बाईंचं. आपल्या कामाच्या चिठ्ठ्या त्याच लिहितात. आधी विचारा, मग कापा.”

निरोप मिळताच शुक्रवारी बाई धापा टाकत बाइंडरकडे आल्या. आकडा नाही हे पाहून त्यांनी ग्रंथच समोर ओढला. मग एकेक पान उलटू लागल्या. एका पानावर, मी नऊ वर्षं पडून होतो तिथं, माझ्याच मापाचा तपकिरी चौकोन उमटला होता.

“सापडलं गं बाई!” त्या बाइंडरच्या बायकोला म्हणाल्या आणि ग्रंथासकट कचेरीकडे धावल्या. साहेबांनी ‘मूळ अज्ञात’वर काट मारली.

मित्रांनो, वस्तू उचललीत तर तिच्या जागी खूण ठेवा. आणि कुणाकडून राहिली, तर लगेच दोष देऊ नका.

मला ग्रंथात ठेवलं, त्याच क्षणी बाईंना शाळेतून फोन आला होता: मुलगी जिन्यावरून पडलीय, लगेच या.