दोन अर्धे कोयते

राहीच्या कोयत्याच्या मुठीला चिंधी डावीकडून उजवीकडे गुंडाळलेली होती आणि भामाच्या कोयत्याला उजवीकडून डावीकडे. चिंधी मात्र एकाच लुगड्याची, हिरवी, कडेला पिवळा काठ. राही डावखुरी होती. बाकी दोन्ही कोयत्यांत काही फरक नव्हता.

मालनबाईंनी एवढं पाहून घेतलं आणि मग त्या मुकादमाकडे वळल्या. हायस्कुलात त्या विज्ञान शिकवत. आधी नीट बघायचं आणि मग तोंड उघडायचं, ही सवय. पण सकाळपासून भिमाजी मुकादमाशी बोलून बोलून त्यांचं डोकं उठलं होतं.

"भिमाजी, पुन्हा सांगा. नवरा-बायको मिळून एक कोयता."

"व्हय."

"एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता."

"बरोबर."

"मग राही अर्धा आणि भामा अर्धा. दोन अर्धे मिळून किती?"

"दोन अर्धे," भिमाजी म्हणाला.

ट्रकच्या फाळक्यावर बसलेलं कुणीतरी खिदळलं. मालनबाईंनी डोळे मिटून घेतले. सातवी ‘ब’ मधली पोरंसुद्धा असं उत्तर देत नसत.

बाहत्तरचा दसरा होऊन गेला होता. अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या या ठाकरवाडीत भात दाण्यावर आलंच नव्हतं, म्हणून यंदा जवळजवळ सगळी वाडी ऊसतोडीला निघाली होती. हंडे, गोधड्या, टोपलीत कोंबड्या, सगळं ट्रकमध्ये चढलं होतं. अडलं होतं ते या दोघींपाशी. टोळीत गड्यानं ऊस तोडायचा, बाईनं मोळ्या बांधायच्या, आणि अशा जोडप्याला फडाजवळ राहायला पाचटाची एक कोपी मिळायची. अर्ध्या कोयत्याला तसं काही नाही. जिथं माणूस कमी तिथं त्याला टाकायचं. भिमाजीनं राहीला संगमनेरकडच्या टोळीत धरलं होतं आणि भामाला पार शेवगावकडं. उन्हाळा लागेपर्यंत दोघींची गाठ पडणार नव्हती.

राहीनं नवऱ्याचं घर सोडलं त्याला बरीच वर्षं झाली होती. भामानं लग्नच केलं नव्हतं. दोघी एका झापात, कुडाच्या खोपटात, राहत, एका ताटात जेवत. वाडीला त्यात विशेष काही वाटत नसे.

"अहो, काम होण्याशी मतलब ना तुम्हाला?" मालनबाई म्हणाल्या. "राही तोडते, भामा बांधते. गाडी भरायलाही दोघी असतात."

"कामाचं कोन म्हनतंय? कोपीचं काय? दोन बाया, ना गडी ना पोर, एका कोपीत. लोक मला इचारत्यात."

"काय विचारतात?"

"आता ते तुमच्याफुडं कसं सांगू, बाई?"

पलीकडे आंब्याखाली छबू स्पिरिटच्या दिव्यावर सुई धरून बसली होती. ती आरोग्य केंद्रातली नर्स. बाहेरगावी जाणाऱ्यांना देवीची लस टोचायला ती रविवार असूनही आली होती आणि मालनबाई तिच्यासोबत. छबूनं मान वर केली नाही, पण सुई गरजेपेक्षा जास्त वेळ ज्योतीत राहिली, हे मालनबाईंना दिसलं.

राहीचा चुलता कोंडीराम इतका वेळ तंबाखू मळत होता. त्यानं चिमूट तोंडात टाकली आणि ट्रकच्या पुढच्या चाकासमोर फतकल मारली.

"मुकादम, आमच्या वाडीत आमी चुली मोजतो. या दोघींची चूल एक हाय. तुमी दोन करनार आसला, तर आमी कुनीच येत न्हाई."

"तात्या, येडेपना करू नका. कारखान्याचं धुराडं पेटलंय!"

"पेटू द्या. आमच्या चुली इझल्यात, त्येचं काय?"

मग एक म्हातारी ठाकरीण कोंबड्यांची टोपली घेऊन खाली उतरली. तिच्यामागून सगळेच उतरले आणि धुळीत बसले. भिमाजीनं डोक्याचा पटका काढला, पुन्हा बांधला. केबिनमधून कारखान्याच्या माणसानं हॉर्न वाजवला.

"बरं बाबा, ऐका," भिमाजीचा आवाज खाली आला. "बहिनी म्हना. सख्ख्या बहिनी एका कोपीत ऱ्हायल्या तर कुनाची तक्रार न्हाई. बाईंनी केबिनमधल्या सायबाला तेवढं सांगायचं. मास्तरीनबाईचा शबुद कोन मोडनार? मी एक कोयता धरतो."

मालनबाईंनी सुस्कारा सोडला. एका शब्दात सुटत होतं, आणि त्यासाठी सकाळ वाया गेली होती! त्या केबिनकडे निघाल्याच.

"न्हाई," राही म्हणाली.

"आता काय?"

"बहिनी न्हाई म्हनायचं."

"अगं बाई, एक शब्दच आहे! बोलून टाकायचा आणि ट्रकमध्ये चढायचं. कशाला हटून बसतेस?"

"मागल्या साली दुसऱ्या टोळीत तसंच म्हनलो हुतो. मंग काय झालं? मुकादमीन म्हनली, धाकटीला उजवायचं बघा की. आन एक बिजवर घिऊन आली. कोपीच्या दारात!"

"तीन पोरं हुती त्याच्यासंगं," भामा म्हणाली. "पोरं गोड हुती. पर बाप घिऊन मी काय करू?"

धुळीत बसलेल्या बाया हसल्या. राही हसली नाही.

"बहीन म्हनलं की लोक तिला देऊन टाकायला बघत्यात, बाई."

"लई शानपना नको," भिमाजी उखडला. "या बाई आन नर्सबाई मावसबहिनीच हायत ना? ऱ्हात्यात का न्हाई एका घरात? कुनी बोललं? आन नर्सबाई तर समद्या तालुक्याच्या सिस्टर!"

स्वतःच्या विनोदावर तो खूश झाला. छबूनं सुई खाली ठेवली.

मावसबहीण हा शब्द मालनबाईंचाच. आधी घरमालकाला सांगितला, मग हेडमास्तरांना, मग विचारणाऱ्या कुणालाही. छबूला तो कधीच पटला नव्हता. सांगायचं नसेल तर गप्प बस, पण हे नको, असं ती म्हणे. आणि मालनबाई म्हणत, परीक्षा होऊ दे. नोकरी कायम होऊ दे. घरमालक जरा बरा आहे, त्याला कशाला दुखवायचं? आज सकाळी इकडे येतानाच छबू म्हणाली होती, "प्रयोगशाळेत बाटलीवर चुकीची चिठ्ठी दिसली तर तू शिपायाला धारेवर धरतेस. माझ्यावर लावलेली मात्र तुला चालते."

त्यावर मालनबाईंनी रस्त्यातल्या चिखलाविषयी काहीतरी बोलून वेळ मारून नेली होती. चिखल नव्हताच. पाऊस कुठं झाला होता?

आता त्यांना सगळ्यांचाच राग येत होता. भिमाजीचा, हॉर्नचा, हट्टी राहीचा, एक शब्द न बोलता बसलेल्या छबूचा. आणि या सगळ्यांना पुरून उरेल इतका स्वतःचा. हेडमास्तर काय म्हणतील, संस्था नोकरीवर ठेवील की नाही, घरमालक कुलूप बदलील का, हे त्यांनी इतकी वर्षं इतक्या काळजीनं तपासलं होतं की उत्तर काढायचं राहूनच गेलं.

केबिनचं दार उघडलं. कारखान्याचा माणूस पायरीवर उभा राहिला.

"काय हो बाई, उरकायचं की नाही? मुकादम म्हणतोय, या दोघी बहिणी आहेत."

"बहिणी नाहीत," मालनबाई म्हणाल्या. "या दोघी जोडीनं राहतात. यांचा एक कोयता धरायचा आणि एक कोपी द्यायची. नाहीतर ही वाडी इथून उठणार नाही."

"बाई, आवो बाई!" भिमाजी कळवळला. "बायांची कुठं जोडी आसती का? तुमाला काय म्हाईत?"

मालनबाईंनी आंब्याकडे पाहिलं. छबू उभी राहिली होती.

"मला माहीत आहे," त्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "छबू माझी मावसबहीण नाही, भिमाजी. आम्हीही जोडीनंच राहतो. यापुढे कुणी विचारलं तर मी हेच सांगणार आहे."