आघाडा कुठं गेला?

बारा सप्टेंबर, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. कांद्याच्या सऱ्या बावीस, त्यांत तणांचे प्रकार चौदा. धाकट्या भावाने ते आदल्या संध्याकाळी मोजले होते. उभा जन्म लेथवर काढलेल्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नसे.

दुखण्यातून उठल्यापासून थोरल्या बहिणीच्या जिभेवरून माणसांची नावे पुसली गेली होती. पाठच्या भावालाही ती परक्यासारखी "अहो, ऐकलंत का" म्हणे. तणांची नावे मात्र शाबूत होती. त्यांच्या ओघात आपलेही नाव वाहत येईल, या आशेने तो तिला तणनाशकाच्या फवारणीपूर्वी शेतात घेऊन आला होता.

"काका, तण खाई धन!" पंपवाला बांधावरून ओरडला. "आणि तुम्ही त्याचा पाहुणचार करताय!"

"अर्धा तास थांब. पाहुण्यांची ओळखपाळख चालली आहे."

धुके गुडघाभर होते. ती त्यातून तरंगल्यासारखी चालली होती. पाने न पाहता, नुसत्या बोटांनी ओळखत होती. "ही एकदांडी. कापलं की रस पिळायचा. हा माका, केसांना. ही आंबुशी, गांधीलमाशी डसली की चोळायची." प्रत्येक नावासरशी धुके तेवढ्यापुरते उजळते आहे, असे त्याला वाटू लागले.

अठराव्या सरीच्या टोकाला ती थबकली. "आघाडा कुठं गेला?"

तो लगबगीने बांधावरच्या दाटीत शिरला आणि एक काडी मोडून घेऊन आला. "हा घे, ताई. दात घासायला ना?"

"हा नव्हे हो. माझा आघाडा. सारखा ओढणीला चिकटायचा."

"अगं, आघाडा चिकटतोच. त्याचं बी खाली वळलेलं आणि टोकदार असतं, म्हणून..." सदरा झटकत तो शास्त्र समजावू लागला.

तिने त्याच्या बाहीकडे पाहिले. मनगटापासून खांद्यापर्यंत बीच बी. ती खुदकन हसली आणि एकेक दाणा वेचू लागली.

"साठी उलटली, तरी चिकटायची खोड गेली नाही का रे, आघाड्या?"

चार वर्षांचा असताना तिनेच ठेवलेले ते नाव तो स्वतःच विसरला होता. त्याने दुसरी बाहीही पुढे केली.

"काका, मारू का फवारा?"

"मार. बांधालगतच्या सऱ्या सोड. ताई उद्याही येणार आहे."

बावीसपैकी अठरा सऱ्या फवारल्या.