त्या चौकात सिग्नल नाही

आमच्या साहेबांना वकील लोक पाठीमागे 'पुढारी' म्हणायचे. तोंडावर अर्थात 'माय लॉर्ड'.

मी त्यांचा स्टेनो. कोर्स वगैरे काही केला नाही. एका दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर टायपिंग शिकलो, आणि कोर्टाची भाषा जुने निकाल उतरवून उतरवून. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

साहेब मुळात राजकारणातले. दोनदा निवडून आले, कायदा खात्याचे उपमंत्री झाले, तिसऱ्यांदा सपाटून पडले. मग मित्रांचं सरकार आलं आणि हे अपील कोर्टात न्यायाधीश. मागच्या दाराने आले, असं लोक म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

पण माणसाने नंतर घाम गाळला. पहिली काही वर्षं प्रत्येक निकाल हाताने लिहायचे, तीन-तीनदा. जुन्या पक्षाचं प्रकरण आलं की स्वतःहून बाजूला व्हायचे. एकदा गावाकडचा कार्यकर्ता हार घेऊन चेंबरमध्ये घुसला, त्याला हारासकट बाहेर काढलं. मी आलो तेव्हा त्यांना सोळा वर्षं झाली होती आणि डोळे थकले होते.

हळूहळू असं झालं, की साहेब मला सांगायचे आणि मी लिहायचो. आधी मुद्दे सांगायचे. मग नुसता निकाल. "मंजूर." "फेटाळायचं. कारणं तू घाल, मी बघतो."

मी फुगलो. खोटं कशाला बोलू, जाम फुगलो. घरी आईला सांगितलं, निकाल मीच लिहितो. ती म्हणाली, "मग पगार साहेब का घेतात?" आम्ही हसलो.

निवृत्तीला तीन आठवडे राहिले तेव्हा सुनावणी झालेल्या एकेचाळीस अपिलांचे निकाल बाकी होते. मी जुन्या निकालांतले परिच्छेद उचलायचो, नावं बदलायचो, खाली चिकटवायचो. साहेब उभ्या उभ्या सह्या करायचे.

त्यात एका बस ड्रायव्हरचं अपील होतं. बसखाली सायकलवाला गेला होता. दोन वर्षांची शिक्षा. ड्रायव्हरचं म्हणणं, ब्रेक खराब आहेत हे मी आदल्या दिवशीच डेपोत लिहून दिलं होतं. आम्ही फेटाळलं. आम्ही म्हणजे कोण ते तुम्हाला कळलंच.

चार दिवसांनी त्याची बायको निकालाची नक्कल हातात घेऊन आली. खाली नकला देणाऱ्या खिडकीवाल्याने तिला वर माझ्याकडे पाठवलं.

"दादा, हा फळवाला कोण?"

"कुठला?"

"इथे लिहिलंय. फळवाल्याने पाहिलं की लाल सिग्नल असताना बस पुढे नेली. आमच्या केसमध्ये फळवाला नव्हता हो. आणि त्या चौकात सिग्नलच नाही. आजही नाही."

मी वाचलं. तो एका ट्रकवाल्याच्या निकालातला परिच्छेद होता. अख्खाच्या अख्खा.

मी म्हणालो, "ताई, कोर्टाची भाषा असते ती."

"भाषेत फळवाला कुठून आला?" ती म्हणाली. "माझं शिलाईचं काम आहे, दादा. दुसऱ्याच्या मापाचा कपडा मला लगेच कळतो."

तिला बाकावर बसवून मी आत गेलो. साहेब निरोप समारंभासाठी स्वतःच्या कारकिर्दीचा कागद तयार करत होते. मी निकाल समोर ठेवला आणि सांगून टाकलं. त्यांनी तो वाचला. पहिल्यांदाच.

त्यांनी कारकिर्दीचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "मंत्री असताना शिफारसपत्रांवर सह्या करायचो. दिवसाला शंभर. गाडीत, जिन्यात, कुणाच्या पाठीवर कागद ठेवून. वाचतो कोण? वाटायचं, कुणाचं काय बिघडतंय." चष्मा काढला. "वर अपील करतीलच ना ते?"

"करतील की साहेब," मी पटकन म्हणालो. दोघांनाही बरं वाटलं. तेवढंच, एक मिनिट.

"वर किती दिवस लागतात?"

"वर्ष. दीड वर्ष."

"आणि तोवर तो आत."

मी निकाल टेबलावरून उचलला.

"उद्याच्या सुनावणीच्या बोर्डावर लाव," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोर्टरूम गच्च. बातमी कशी फुटते देव जाणे. साहेबांनी मला भर कोर्टात डिक्टेशन दिलं. "या निकालातला सहावा परिच्छेद या खटल्यातला नाही. मी निकाल न वाचता सही केली. निकाल मागे घेत आहे. ड्रायव्हरला जामीन. अपील नव्याने दुसऱ्या न्यायाधीशांपुढे."

मागून कुणीतरी म्हणालं, "पुढारी शेवटी पुढारीच." खसखस पिकली. साहेबांचे कान लाल झाले. सोळा-सतरा वर्षं ते ज्या एका शब्दापासून पळत होते, तो त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतला.

मी त्यांच्या पायाशी बसून टाइप करत होतो. मला वाटत होतं, आता म्हणतील, स्टेनोची चूक. म्हणाले नाहीत. मला उभं राहता आलं असतं. बोटं चालूच ठेवली.

चेंबरमध्ये म्हणालो, "साहेब, तो परिच्छेद मी..."

"तुझं नाव निकालावर नसतं," ते म्हणाले. रागाने नाही. त्याचाच जास्त त्रास झाला. समारंभ त्यांनी रद्द करायला लावला. कारकिर्दीचा कागद माझ्याकडे अर्धवटच आहे.

संध्याकाळी ती ताई जामिनाच्या आदेशाची नक्कल न्यायला आली. डोळे सुजलेले, पण हसत होती.

"दादा, तुम्ही आत जाऊन सांगितलंत म्हणून झालं. उपकार झाले."

"तसं काही नाही, ताई."

"साहेबांनी सगळ्यांसमोर कबूल तरी केलं म्हणे. पण मला एक सांगा, हे टाइप कोण करतं? त्याला काही वाटत नसेल?"

मी नक्कल तिच्या हातात दिली.

"आमच्याकडे बरेच जण असतात," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली आणि नमस्कार करून जिना उतरून गेली.

बरेच जण नसतात. आमच्याकडे मी एकटाच आहे.