वाजायच्या आधी उघडलेलं दार

मी मायक्रोवेव्ह बोलतोय. ओट्याच्या कोपऱ्यातला, पाठ भिंतीला लावून बसलेला. एरवी मी फक्त पीं पीं करतो, आणि तेवढंही लोकांना जास्त वाटतं. आज मात्र जरा सविस्तर बोलणार आहे. ‘घरात मायक्रोवेव्ह असावा का हो?’ असं तुम्ही एकमेकांना विचारता, दुकानदाराला विचारता, शेजारणीला विचारता. मला कुणी विचारत नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावर एकेक भाग चढत गेला आणि मी मोठा होत गेलो. शेवटी हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझ्या पोटात काचेची गोल थाळी बसवली, पेलाभर पाणी ठेवलं आणि बटण दाबलं. पाणी गरम झालं. ती म्हणाली, “चालतोय.” माझं बारसं एवढंच.

मग दुकान. तिथं येणारा जाणारा माझं दार उघडायचा, लावायचा, पुन्हा उघडायचा आणि शेजारच्याला विचारायचा, “काय वाटतं?” घ्यायचं कुणालाच नसायचं. एके दिवशी एक तरुण मुलगी आली. दवाखान्यात परिचारिका होती, रात्रपाळी करून तशीच आलेली, डोळे तांबारलेले. विक्रेत्यानं तिला भल्यामोठ्या मायक्रोवेव्हपाशी नेलं. यात केक होतो, यात भाजता येतं, यात अमुक आणि तमुक.

“केक नको हो,” ती म्हणाली. “माझी आई सगळ्यांच्या शेवटी जेवते. तोवर सगळं गारढोण होतं. तिचं ताट तेवढं गरम व्हायला हवं.”

“मग हा साधा पुरे,” विक्रेता म्हणाला आणि त्यानं माझ्या डोक्यावर थाप मारली. मला खरं सांगायचं तर अभिमान वाटला. बाकीचे केकसाठी जाणार, मी एका माणसासाठी चाललो होतो.

घरी पोचलो तेव्हा माझं स्वागत म्हणाल तर कौतुक थोडं आणि चौकशी फार. वडील लिफ्ट दुरुस्त करणारे. कुठलंही यंत्र दिसलं की त्याच्या पाठीमागं काय आहे ते त्यांना आधी बघायचं असतं. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि जाळीतून डोकावत बसले. शेजारच्या काकू चहा प्यायला म्हणून आल्या आणि म्हणाल्या, “यातल्या किरणांनी अन्नातलं सत्त्व जातं म्हणे.”

“सत्त्वाचं मागनं बघू,” आई म्हणाली. “आधी हे धूड ठेवायचं कुठं ते सांगा.”

“आई, हा तुझ्यासाठी आहे,” ताई म्हणाली. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो.

“माझ्यासाठी कशाला गं? मला काय, कसंही चालतं.”

हे ‘कसंही चालतं’ मी पुढं इतक्यांदा ऐकलं की माझ्या बटणांवर कोरलं असतं तरी चाललं असतं.

आई घरी शिवणकाम करायची, मुलांचे शाळेचे गणवेश. उरलेल्या निळ्या कापडाचं तिनं मला एक झाकण शिवलं, बाजूला खिसा ठेवून. खिशात काडेपेटी, किल्ल्या, गोळ्यांची पाकिटं. पहिल्याच आठवड्यात वडिलांनी स्टीलचा डबा माझ्यात ठेवला आणि माझ्या पोटात ठिणग्या उडाल्या. त्यांनी डबा ओढून काढला आणि मलाच बोल लावला. “तकलादू आहे,” म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं. आईनं मात्र दुसऱ्या दिवशी चार काचेची भांडी आणली, आणि तेव्हापासून माझा सगळा कारभार तिनंच बघितला.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे.

मी यायच्या आधी या घरात दुपारी आणि संध्याकाळी एकेकदाच हाक जायची, आई काकूंना सांगायची ते मी ऐकलंय. “चला, गार होतंय.” मग कुणी कुरकुरत, कुणी हातातलं काम टाकून, पण सगळे येऊन बसायचे. आई वाढायची आणि शेवटी घाईघाईनं का होईना, त्यांच्यातच बसायची. ताट गार असायचं, पण शेजारी कुणीतरी असायचं. मी आलो आणि ती हाक बंद पडली. गार होण्याची धास्तीच उरली नाही ना! वडील कुणाच्या अडकलेल्या लिफ्टवरून कधीही यायचे. धाकटा रंगाच्या दुकानात कामाला, तो तिथून यायचा तो मित्रांकडून फिरून. ताईच्या कामाच्या पाळ्या तर विचारूच नका. जो तो यायचा आणि म्हणायचा, “आई, जरा गरम कर गं.” पूर्वी आई एकदा उठायची, आता चारदा उठायला लागली. आणि तिचं ताट? ते तसंच, स्वयंपाकघरातल्याच शिवणयंत्राच्या फळीवर, कापडाच्या तुकड्यांशेजारी. दोन घास, चार टाके, पुन्हा दोन घास.

ज्या बाईसाठी मला आणलं, तिचं ताट सोडून मी त्या घरातलं सगळं गरम करत होतो.

तिची एक खोड होती. ताई रात्रपाळीहून आली की दिवसा झोपायची, स्वयंपाकघराला लागूनच तिची खोली. माझ्या आवाजानं तिची झोप मोडेल म्हणून आई काहीही गरम करताना माझ्यासमोर उभी राहायची. आकडे उतरत यायचे. मी वाजणार, एवढ्यात ती दार उघडायची. एकदाही चुकली नाही. पुढं पुढं ताई कामावर असली तरी हात आपोआप पुढं यायचा. या घरात माझा आवाज जवळपास कुणी ऐकलाच नव्हता. मला कधी कधी राग यायचा. काम झाल्यावर दोन शब्द बोलायचे, तेही माझ्या तोंडातून काढून घेतलेले.

एका रविवारी ताईनं ठरवलं. “आज सगळे एकत्र जेवायचं. आणि आई, तू पहिल्यांदा बसायचं.” आई हसली, पण सकाळपासून उत्साहानं कामाला लागली. भांडी पुसून ठेवली, मला ओल्या फडक्यानं पुसलं. आणि मग व्हायचं तेच झालं. वडिलांना फोन आला, एका इमारतीत लिफ्टमध्ये माणसं अडकली होती. धाकटा “आलोच” म्हणून गेला. ताई वाट बघून शेवटी जेवली आणि पडली, संध्याकाळी तिला कामावर जायचं होतं.

आई एकटी उरली. तिनं आपलं ताट वाढलं. थोडा भात, थोडी भाजी. ताटाकडे बघत जरा उभी राहिली आणि मग, काय वाटलं कोण जाणे, तिनं ते काचेच्या बशीत काढून माझ्यात ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दार लावलं. बोट बटणावर आलं. मी तयारच होतो हो!

दारावरची घंटा वाजली. वडील आले होते, ग्रीसनं माखलेले. “भूक लागलीय गं,” म्हणाले.

आईनं आपली बशी बाहेर काढली आणि त्यांची आत ठेवली.

ताईनं खोलीच्या दारातून ते बघितलं. वडील जेवून उठल्यावर ती आईजवळ आली आणि रडली. “तुला गरम घास मिळावा म्हणून आणला होता तो. तू स्वतःसाठी एक बटण नाही दाबत.”

“बरं बाई, दाबेन,” आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. “शपथ.”

आणि तिनं ती पाळली. त्याच आठवड्यात, एका दुपारी. वडिलांना सुट्टी होती, ते जेवून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. ताई आत झोपलेली. आईनं आपली बशी माझ्यात ठेवली आणि बटण दाबलं. थाळी फिरू लागली, भातातून वाफ निघू लागली. आई नेहमीसारखी समोर उभी होती. मग तिनं छातीवर हात धरला आणि ती हळूहळू शिवणयंत्राजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

आकडे संपले. दार उघडायला कुणी आलं नाही. मी वाजलो.

दार उघडेपर्यंत थोड्या थोड्या वेळानं पुन्हा वाजायचं, असं मला शिकवून पाठवलंय. मी पुन्हा वाजलो. बाहेरून वडील म्हणाले, “अगं, वाजतंय ते.” मी आणखी वाजलो. “अगं, बघ ना, केव्हाचं वाजतंय.” उठले मात्र नाहीत. कसे उठतील? स्वयंपाकघरात काही वाजलं तर त्यांनी उठायचं असतं, हे त्यांना या घरात कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

शेवटी ताई उठली. माझ्या आवाजानं तिची झोप पहिल्यांदाच मोडली होती. “आई, ऐकू येत नाही का गं?” म्हणत ती आत आली. पुढचं मला सांगवत नाही. परिचारिकेनं आपल्या आईची नाडी धरून बसणं बघायला मी नको होतो.

कुणीतरी माझं भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि पुढचे कितीतरी दिवस माझं दार कुणी उघडलं नाही. शेवटी वडिलांनीच उघडलं. बशी तशीच होती, आतलं नासलेलं. त्यांनी ती आणि माझी थाळी आपल्या हातांनी घासली. नळ सोडून फार वेळ घासत होते.

परवा धाकटा म्हणाला, “बाबा, हा काढून टाकूया. याचा आवाज आता ऐकवत नाही.” ताईनंही मान डोलावली. तीच मला घेऊन आली होती.

वडील म्हणाले, “राहू दे. आता वाजलं की मी उठतो.”

मी आता जुना झालोय. दाराची पकड सैल आहे, आतला दिवा कधी लागतो, कधी नाही. निळं झाकण विटलंय, त्याच्या खिशात आईच्या गोळ्यांचं पाकीट अजून आहे. ताई कामावरून आली की वडील तिचं ताट माझ्यात ठेवतात, मग आपलं, आणि दोघं समोरासमोर बसतात. दार मध्येच कुणी उघडत नाही. मला पूर्ण वाजू देतात.

तेव्हा, घरात मायक्रोवेव्ह असावा का? जरूर असावा, घ्या. मी वाईट नाही, काम चोख करतो. फक्त पहिल्या दिवशी मला घरी आणाल तेव्हा, घरात शेवटी कोण जेवतं ते आठवा आणि तिचं ताट तुम्ही स्वतः माझ्यात ठेवा. आणि मी वाजलो की बाहेरच्या खोलीतून हाक मारू नका. उठून या.