रिकामा ड्रम

उल्काने वडिलांची जुनी जावा मोटारसायकल वारज्याला शकीलभाईंच्या गॅरेजमध्ये नेली. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवून घ्यायचा होता. शकीलभाईंनी चाक काढलं, जुना ड्रम उघडला आणि ते बघतच राहिले.

"ताई, आत ब्रेकशूच नाहीत."

"झिजलेत?"

"झिजायला असायला तर हवेत! कुणीतरी काढून टाकलेत."

उल्काने तिथूनच घरी वडिलांना फोन लावला.

"मीच काढले," अनंतराव शांतपणे म्हणाले. "पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर आपटतो. तुझ्या जन्माआधीच काढले."

"अहो बाबा, आपण सगळे कात्रजचा घाट उतरायचो! मी टाकीवर, आई मागे, तिच्या मांडीवर धाकटा श्याम!"

पलीकडून फोन ठेवला गेला.

संध्याकाळी नवा ब्रेक लावून ती नारायण पेठेत घरी आली. अनंतराव खाली येऊन उभेच होते. त्यांनी गाडी घेतली, गल्लीच्या टोकाशी पुढचा ब्रेक दाबला. गाडी अलगद, सरळ थांबली. त्यांना उतरवेना. उल्का धावत गेली.

"इतकी वर्षं मला वाटत होतं," ते म्हणाले, "मी तुम्हाला जपून नेतोय."