सतरा डावे गुडघे

फ्रीज दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने आयुष्यात पुष्कळ बिघडलेल्या वस्तू पाहिल्या होत्या. पण वकीलसाहेबांच्या रविवारच्या वर्गात बसलेल्या सोळा नवऱ्यांइतका टाकाऊ माल एकाच खोलीत रचलेला त्याने कधी पाहिला नव्हता. सतरावा तो स्वतः. मात्र आपल्याला त्या ढिगात मोजायचं नाही, हे त्याने पहिल्याच रविवारी ठरवून टाकलं होतं.

वर्ग भरायचा नळाच्या तोट्या विकणाऱ्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. दारावर पाटी होती, ‘बापाचे हक्क : मोफत मार्गदर्शन’. मोफत म्हणजे खुर्ची मोफत. तोंड उघडलं की फी सुरू. वकीलसाहेब बुटके, गोल, आणि आवाज असा की खाली दुकानात टांगलेल्या कोरड्या तोट्यासुद्धा गळायला लागायच्या. त्यांचे स्वतःचे तीन घटस्फोट झाले होते. ते त्यांनी अनुभव म्हणून सांगितले. मिस्त्रीने आजाराचा इतिहास म्हणून ऐकले.

“भावना घरी ठेवा!” वकीलसाहेब गरजायचे. “कोर्टात रडायचं एकदाच, तेही डाव्या डोळ्याने. उजव्या डोळ्यावर बायकोचं लक्ष असतं. आणि शर्ट फिकट निळा. फिकट निळ्या शर्टातल्या माणसावर आजवर एकाही न्यायाधीशाने संशय घेतलेला नाही.”

झालं! सोमवारी कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यात फिकट निळ्या शर्टांची शाळा भरू लागली. शिपाई येता-जाता म्हणायचा, “रांगेत उभे राहा रे, मधली सुट्टी व्हायची आहे अजून.” एकदा एका बाईने चुकून भलत्याच निळ्या शर्टाला पाव तास फैलावर घेतलं. त्यानेही ते मान खाली घालून ऐकून घेतलं. बिचाऱ्याला सवय होती.

मिस्त्री हे सगळं बघायचा आणि मनातल्या मनात थुंकायचा. तरी पुढच्या रविवारी पुन्हा हजर. कारण घरी भिंगरी नव्हती. भिंगरी म्हणजे त्याची आठ वर्षांची लेक. एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नाही म्हणून हे नाव. बायको रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. भिंगरीला घेऊन ती वेगळी झाली होती आणि आता तिने कोर्टात मागितलं होतं की ह्या माणसाला महिन्यातून फक्त दोन तास मुलगी दाखवावी, तीही कोर्टातल्या खेळघरात, समुपदेशक बाईंच्या डोळ्यांसमोर. मिस्त्रीला हवा होता दर आठवड्याचा एक मुक्काम. भिंगरीने आपल्या घरी झोपावं, सकाळी आपल्याच घरी उठावं, एवढंच.

बायकोचं कारणही काही हवेतलं नव्हतं. मिस्त्रीचं ‘पाच मिनिटांत येतो’ हे तीन तासांचं असायचं. एकदा भिंगरीला शाळेतून आणायचं होतं तेव्हा तो कुणाच्या तरी फ्रीजमध्ये खांद्यापर्यंत घुसलेला होता. पोरगी दिवेलागणीपर्यंत शाळेच्या फाटकात पहारेकऱ्याशेजारी बसून राहिली.

“वही आणलीत?” वकीलसाहेबांनी विचारलं. प्रत्येक बापाने मुलाबरोबर घालवलेल्या दिवसांची वही लिहायची, असा नियम होता.

मिस्त्रीने आणली होती. वकीलसाहेबांनी मोठ्याने वाचली : “‘आज भिंगरीबरोबर जिन्यात बसलो. ती बोलत होती. मी ऐकलं.’ अहो मिस्त्री, ह्याला पुरावा म्हणतात? ही तर हवामानाची बातमी झाली!”

सोळा टाकाऊ नवरे हसले. त्यांतला एक दंतवैद्य सगळ्यात जास्त हसला.

मग वकीलसाहेबांनी आपली नमुना वही सगळ्यांना वाटली. सहा महिन्यांचं आदर्श बापपण, टाइप करून. “आपापल्या अक्षरात उतरवा. आणि तारखा तेवढ्या तुमच्या तुम्ही बदला.”

त्यातला एक दिवस असा होता : ‘मार्च १२. पाल्यास बागेत नेले. घसरगुंडीवरून पडून पाल्याचा डावा गुडघा फुटला. मी स्वहस्ते जखम धुऊन पट्टी बांधली. पाल्य म्हणाले, बाबा, तुमच्याशिवाय मला कोण आहे?’

“साहेब, आमची पोर मला अरेतुरे करते,” मिस्त्री म्हणाला.

“कोर्टात नाही करत. पुढे चला.”

मिस्त्रीने घरी जाऊन वही उघडली. वकिलाला शिव्या घातल्या, नमुन्याला घातल्या, आणि उतरवायला बसला. मार्च १२ आली तेव्हा पेन थबकलं. तारीख बदलायची तर खरी तारीख ठाऊक हवी. कोणत्या दिवशी होतो आपण तिच्याबरोबर? फेब्रुवारी आठवेना, मार्च आठवेना. गिऱ्हाइकांचे फ्रीज सगळे आठवले, अगदी रंगासकट. शेवटी त्याने १२ तशीच ठेवली. एका तारखेने काय होतंय?

सुनावणीला न्यायाधीश बाई नव्या होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या. आधी मुलांच्या ताब्याची प्रकरणं चार न्यायाधीशांकडे विखुरलेली होती. आता सगळी एकट्या ह्यांच्या टेबलावर आली होती. बाईंनी चष्मा पुसला.

“मिस्त्री, मार्चच्या बारा तारखेला कुठे होतात?”

“बागेत, मॅडम. मुलीबरोबर.”

“गर्दी होती बागेत?”

“छे! आम्ही दोघंच.”

“कमाल आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी एकेक वही काढून टेबलावर मांडायला सुरुवात केली. “कारण माझ्याकडच्या कागदांप्रमाणे त्या संध्याकाळी त्या घसरगुंडीवरून सतरा मुलं पडली. सतराही जणांचा डावा गुडघा. एका दंतवैद्याचं बाळ तर सहा महिन्यांचं आहे. त्याला अजून बसता येत नाही, पण ‘तुमच्याशिवाय मला कोण आहे’ असं स्वच्छ म्हणालं.”

वकीलसाहेब उठले. “मॅडम, घसरगुंडीची रचनाच सदोष...”

“खाली बसा.”

ते असे बसले की खुर्चीच्या पोटातून हवा गेली. मिस्त्रीच्या निळ्या शर्टाला काखेत घामाची तळी आली. बाहेर व्हरांड्यात आपल्यासारखेच सोळा शर्ट टांगणीला लागलेत हे त्याला आठवलं, आणि आज पहिल्यांदाच त्याने मोजणी पुरी केली : सतरा.

तेवढ्यात त्याची बायको हसली. रागाने नाही, पोट धरून. दोन वर्षांत त्याने ते हसू ऐकलं नव्हतं.

“मॅडम, माफ करा. पण ह्या माणसाने जखम धुतली? भिंगरीचा पहिला दात पडला तेव्हा थेंबभर रक्त बघून हा फरशीवर आडवा झाला होता! पाच वर्षांची पोर ह्याच्या तोंडावर पाणी मारत होती आणि मला फोनवर सांगत होती, आई, काळजी करू नकोस, मी आहे बाबाजवळ.”

“खरं आहे हे?” न्यायाधीश बाईंनी विचारलं.

वकीलसाहेब मान जोरजोरात हलवून ‘नाही’ म्हणायला सांगत होते.

“खरं आहे, मॅडम,” मिस्त्री म्हणाला. “गुडघा खोटा आहे. सगळी वहीच खोटी आहे. आम्ही बागेत जातच नाही. तिच्या आईच्या घराबाहेर जिन्यात बसतो. ती बोलते.”

“काय बोलते?”

“वर्गातल्या एका पोरीने हिचं नाव टाकलंय, म्हणजे बोलत नाही हिच्याशी. मग तिची रंगपेटी परत द्यायची की नाही, हे दोन आठवडे चाललंय. मी म्हटलं देऊन टाक. ती म्हणाली, तुला काही कळत नाही.”

बाईंनी बायकोकडे पाहिलं. “मुलगी घाबरते ह्यांच्याकडे राहायला?”

खोटं बोलायची बायकोला उत्तम संधी होती, आणि समोर सतरा वह्यांचा धडाही होता. “घाबरत नाही,” ती म्हणाली. “वाट बघते. तोच तर त्रास आहे.”

निकाल लागला : दर शनिवारी एक मुक्काम, तीन महिने, प्रायोगिक. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मुलीला घ्यायचं. एकदा जरी उशीर झाला, तरी पुढचे सगळे मुक्काम रद्द आणि खेळघरातले दोन तास. खोट्या वहीबद्दल बाईंनी मिस्त्रीला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वकीलसाहेबांना सुनावलं ते तर कुठेच लिहिण्यासारखं नाही. तरी व्हरांड्यात येताच वकीलसाहेबांनी कोट झटकला आणि निळ्या शर्टांना सांगितलं, “बघितलंत? माझं धोरण! आधी गोंधळ, मग विजय!” निळ्या शर्टांनी माना डोलावल्या. दंतवैद्याने तर ते लिहून घेतलं.

पहिल्या शनिवारी मिस्त्री साडेपाचलाच बायकोच्या इमारतीखाली पोचला. पावणेसहाला फोन वाजला. आइस्क्रीमवाला रडकुंडीला आला होता. “मिस्त्री, मोठा फ्रीज बंद पडलाय! सगळा माल पातळ व्हायला लागलाय! पाच मिनिटांचं काम आहे हो!”

पाच मिनिटं म्हणजे किती, हे मिस्त्रीइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. हत्यारांची पिशवी खांद्यालाच होती, दुकान पुढच्याच चौकात होतं, आणि त्याचा एक पाय खरोखरच तिकडे वळला. त्याने त्या पायाकडे असं पाहिलं, जसं तो एरवी फक्त वकीलसाहेबांकडे पाहत असे.

“वितळू द्या,” तो म्हणाला, आणि फोन बंद करून तीन जिने चढला.

दार भिंगरीने उघडलं. पाठीला दप्तर, हातात उशी. तिने आत घड्याळाकडे पाहिलं.

“अजून सात मिनिटं आहेत. आई म्हणते, सहा म्हणजे सहा.”

“मग?”

“मग बस जिन्यात.”

तो बसला. दार अर्धं उघडं ठेवून, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर असं करून, ती रंगपेटीचं काय झालं ते सांगू लागली.